आधी खराटा, मग कीर्तन : पूर्णाकाठच्या गाडगेबाबांची गोष्ट, तापीकाठच्या आपल्यासाठी

नंदुरबार : डिसेंबर आला की आपल्या जिल्ह्यात सारंगखेड्याच्या यात्रेची लगबग सुरू होते. एकमुखी दत्ताचं दर्शन, घोड्यांचा बाजार, पाळणे, भांड्यांची दुकानं, गरम भजी. शहाद्यापासून धडगावपर्यंतची माणसं तापीकाठी जमतात. यात्रा उठली की मागे काय उरतं, तेही आपण सगळ्यांनी बघितलंय. पाण्याच्या बाटल्या, चहाचे कप, गुटख्याच्या पुड्या, प्लास्टिकच्या पिशव्या. थोडं वाऱ्याने शेतात जातं, थोडं गुरांच्या पोटात, आणि बाकीचं पहिल्या पुरात नदीत.

याच महिन्यात, २० डिसेंबरला, संत गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. शाळेत फोटोला हार पडतो, ग्रामपंचायतीत चार शब्द बोलले जातात, एखाद्या ठिकाणी झाडू हातात घेऊन फोटोही निघतो. पण हा माणूस खराट्यापर्यंत कसा पोचला, आणि खराटा हातात घेऊन त्याला नेमकं काय करायचं होतं, हे फार जणांना माहीत नसतं. ती गोष्ट आज सांगायची आहे.

दारूने बाप नेला, कर्जाने जमीन

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. हे गाव आज अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. नाव डेबूजी, वडील झिंगराजी जानोरकर, आई सखुबाई. समाजाने परीट, म्हणजे लोकांचे मळके कपडे धुणाऱ्यांचं घर. घरी शेती होती, पण झिंगराजींना दारू लागली. दारूत शेती गेली, घर गेलं, शेवटी जीवही गेला. डेबूजी तेव्हा लहान पोर होता.

आई त्याला घेऊन माहेरी, दापुरे गावी आली. हे गाव मूर्तिजापूर भागातलं. तिथे डेबूजी मामाकडे वाढला. शाळेचं तोंड बघितलं नाही. गुरं राखली, नांगर धरला, पेरणी-कापणी केली. अंगाने धट्टाकट्टा, कामाला वाघ. नदीत पोहायची हौस आणि रात्री भजनाचा नाद. भजनाला सगळ्या जातींची पोरं बरोबर घ्यायचा, आणि त्या काळी गावाला ते खपत नव्हतं.

मामा चंद्रभान कष्टाळू, पण लिहिता-वाचता येत नव्हतं. सावकाराच्या कागदावर अंगठे उठत गेले आणि कर्ज फुगत गेलं. जमीन सावकाराच्या घशात जाते आहे हे कळलं तेव्हा मामा खचले, त्यातच वारले. पुढे सावकाराची माणसं शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजीने त्यांना बांधावरून हुसकावून लावलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

म्हणजे बघा, वयाच्या विशी-पंचविशीतच या माणसाने तीन गोष्टी स्वतःच्या घरात भोगल्या होत्या. दारूने बाप नेला. अडाणीपणाने मामा फसला. कर्जाने जमीन गेली. पुढे आयुष्यभर त्यांच्या कीर्तनात हेच तीन विषय राहिले. ऐकीव काही नव्हतं, सगळं अंगावर आलेलं होतं.

बारशाची गाजलेली पंगत

१८९२ साली डेबूजीचं लग्न कुंताबाईंशी झालं. पहिली मुलगी झाली, तिचं नाव आलोका. तेव्हाच्या रीतीप्रमाणे बारशाला दारू आणि मटणाची पंगत द्यावी लागायची. पैसे नसले तर कर्ज काढायचं, पण पंगत चुकवायची नाही. जातभाई तीच अपेक्षा धरून बसले होते.

डेबूजीने दारूचा थेंब आणला नाही, बकरं कापलं नाही. गोड जेवण वाढलं. पंगतीत कुजबुज झाली, काही जण रागावले. पण तो बदलला नाही. ज्या दारूने बाप गेला ती आपल्या मुलीच्या बारशाला वाढायची नाही, एवढा साधा हिशेब. आज लग्न-वाढदिवसाला डीजे आणि मांडवासाठी व्याजाने पैसे काढणाऱ्या घरांना ही पंगत आठवायला हरकत नाही.

घर सोडलं, गाडगं घेतलं

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूजीने घर सोडलं. मागे आई, बायको, लेकरं. अंगावर फाटकं, ठिगळं जोडलेलं वस्त्र. हातात काठी आणि फुटकं गाडगं. त्या गाडग्यात भीक घ्यायची, त्यातच खायचं, उन्हापावसात तेच डोक्यावर पालथं घालायचं. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. पुढे हातात खराटा आला तो कायमचा.

लोक वेडा समजायचे. कुत्री अंगावर यायची, पोरं दगड मारायची. कुणी गोधडेबुवा म्हणे, कुणी चिंधेबुवा. गाडग्यावरून गाडगेबाबा हे नाव पडलं आणि तेच टिकलं. सुमारे बारा वर्षं ते असे गावोगाव हिंडले. कुणाचं लाकूड फोडून दे, कुणाच्या गाडीचं चाक चिखलातून काढून दे, कुणाच्या शेतात राब. बदल्यात फक्त भाकर आणि चटणी. काम केल्याशिवाय खायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

ऋणमोचनचा घाट

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. पौष महिन्यात तिथे यात्रा भरते. लोक अंघोळ करायला उतरायचे तर काठावर सगळा चिखल आणि निसरडं. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया घसरून पडायच्या. सगळे बघायचे, हळहळायचे आणि आपापली अंघोळ उरकून जायचे.

गाडगेबाबांनी तिथे खराटा आणि फावडं धरलं. काठ झाडला, चिखल उपसला, दगड लावायला घेतले. एक माणूस काम करतोय म्हटल्यावर दुसरा आला, मग चार आले. १९०८ च्या सुमारास तिथे घाटाचं काम उभं राहिलं. सरकारचा निधी नव्हता, ठेकेदार नव्हता. जत्रेला आलेल्या माणसांचेच हात होते.

गाडगेबाबांची पुढची पन्नास वर्षांची रीत इथेच ठरली. लोकांना आधी सांगायचं नाही, आधी स्वतः सुरू करायचं. माणूस कामाला लागलेला दिसला की बघणाऱ्याला उभं राहायची लाज वाटते. त्या लाजेतून हात पुढे येतात.

आधी झाडायचं, मग बोलायचं

पुढे महाराष्ट्रभर त्यांचा कार्यक्रम असाच चालला. गावात शिरले की थेट गटार, उकिरडा, चावडीपुढचा रस्ता. सकाळी खराटा चालू. लोक जमायचे, काही जण झाडू घेऊन सोबत यायचे. दिवसभरात गाव स्वच्छ व्हायचं आणि रात्री कीर्तन.

ते कीर्तन म्हणजे शास्त्री-पंडिताचं प्रवचन नव्हतं. साधी वऱ्हाडी बोली. मध्ये मध्ये गोपाळाच्या नावाचा गजर. आणि समोरच्या माणसांना प्रश्न. देव कुठे राहतो, त्याला कोण अंघोळ घालतं, त्याचा नैवेद्य कोण खातं, कुत्रं आलं तर देव त्याला हाकलतो का, असं विचारत विचारत ते लोकांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. लोक हसायचे आणि हसता हसता गप्प व्हायचे.

सांगणं ठरलेलं होतं. नवसाला बकरं कापू नका. दारू पिऊ नका. लग्नासाठी कर्ज काढू नका. शिवाशीव पाळू नका. आणि पोरांना शिकवा, त्यासाठी घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल. स्वतः एक अक्षर न शिकलेला माणूस शिक्षणासाठी इतका तळमळत होता.

घाण त्यांच्यासाठी एकटी नव्हती. रस्त्यावरचा उकिरडा, डोक्यातली अंधश्रद्धा आणि घरातली दारू हे त्यांना एकाच जातीचे कचरे वाटायचे. म्हणून सकाळी खराट्याने एक झाडायचा आणि रात्री कीर्तनाने दुसरा.

झाडणं हे कुणाचं काम?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. त्या काळी गाव झाडायचं, मेलेलं जनावर ओढायचं, मैला उचलायचा हे काम ठरावीक जातींच्या माथी मारलेलं होतं. जो घाण साफ करतो त्यालाच गाव घाण म्हणायचं आणि वेशीबाहेर ठेवायचं. घाण करणारा मात्र ओटीवर बसायचा.

गाडगेबाबांच्या खराट्याने या व्यवस्थेवरच बोट ठेवलं. ज्याला हजारो लोक संत मानतात, ज्याच्या कीर्तनाला मोठमोठे लोक येऊन बसतात, तो माणूस सकाळी गटार साफ करतो म्हटल्यावर झाडणं हलकं काम कसं राहील? त्यांच्यासोबत पाटील झाडायला लागला, दुकानदार झाडायला लागला. काही तासांपुरती का होईना, जात बाजूला पडली.

पंढरपुरात आषाढीला लाखो लोक यायचे आणि चंद्रभागेचं वाळवंट घाणीने भरायचं. बाबा तिथेही झाडत. पंढरपूरला इतक्यांदा जाऊनही ते विठ्ठलाच्या देवळात दर्शनाला गेले नाहीत, असं सांगतात. दमलेला, उपाशी, आजारी माणूस हाच त्यांचा देव. वारीत अस्पृश्य मानलेल्या लोकांना उतरायला जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. आंबेडकर आणि गाडगेबाबा यांना एकमेकांबद्दल फार आदर होता. एक परदेशात शिकलेला कायदेपंडित, दुसरा अंगठाबहाद्दर. पण दोघांचा शत्रू एकच होता.

नाशिक, देहू, आळंदी इथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. गावाकडून पेशंट घेऊन मोठ्या शहरात गेलेल्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा नसते, हे दुःख आपल्या अक्कलकुवा-धडगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

लाखोंची कामं, घरी झोपडी

कीर्तनात लोक पैसे देत. बाबा ते स्वतःकडे ठेवत नसत. धर्मशाळा, अन्नछत्र, शाळा, गोरक्षण यांना ते पैसे जात. स्वतः गाडग्यातली भाकर खाणार, मोठ्या घरचं पक्वान्न नाकारणार. कुणाला पायावर डोकं ठेवू द्यायचे नाहीत. कुणाला शिष्य केलं नाही, कुणाचे गुरू झाले नाहीत.

कुटुंबालाही त्यातला पैसा लागू दिला नाही. कुंताबाई आणि मुलं झोपडीत, हलाखीत राहिली. हा हिशेब घरच्यांना किती जड गेला असेल, त्याचा विचार केला तर मन अस्वस्थ होतं. संतपणाची किंमत घरातल्या बाईनेही मोजली, हे विसरून चालणार नाही.

१९२३ साली त्यांचा एकुलता मुलगा गोविंदा वारला. कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना ही बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. जगात रोज कितीतरी आयांची लेकरं जातात, मग मी माझ्या एकट्यासाठी काय रडू, अशा अर्थाचं बोलून ते पुढे गेले.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी त्यांच्या कामासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. आज मिशनच्या शाळा, आश्रमशाळा, वसतिगृहं राज्यात चालतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडला १९५४ साली काढलेल्या कॉलेजला गाडगे महाराजांचंच नाव दिलं.

पेढी नदीच्या पुलावर

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं. ते त्यांचं शेवटचं मोठं कीर्तन मानलं जातं. त्याचं ध्वनिमुद्रण आजही मोबाइलवर ऐकायला मिळतं. आवाज थकलेला आहे, पण प्रश्न विचारायची ढब तीच. वेळ काढून एकदा जरूर ऐका.

पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकर गेले. बाबा स्वतः आजारी होते. त्यांना अमरावतीला नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, २० डिसेंबर १९५६ रोजी, त्यांनी प्राण सोडला. वय ८० वर्षं. अमरावतीत त्यांची समाधी आहे.

नाव राहिलं, खराटा कुठे गेला?

२०००-०१ साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना राज्य सरकारने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गावागावांत चुरस लागली. लोकांनी श्रमदान केलं, गटारं काढली, उकिरडे गावाबाहेर नेले, भिंती रंगवल्या. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य पातळीवर बक्षिसं मिळाली. त्या वर्षांत अनेक गावांचा चेहरा खरंच बदलला, आणि तोही लोकांच्या हातांनी.

पण समितीची गाडी गेली की खराटा कोपऱ्यात, असंही बऱ्याच ठिकाणी झालं. बक्षिसासाठी केलेली सफाई बक्षिसापर्यंतच टिकते. बाबा रोज झाडायचे, आणि त्यांना तपासायला कोणती समिती येत नव्हती.

दुसरी अडचण म्हणजे कचराच बदलला. बाबांच्या काळात उकिरड्यावर शेण, राख, भाजीचा पाला, उष्टं आणि पळसाच्या पत्रावळी असायच्या. वर्षभरात त्याचं खत होऊन शेतात जायचं. आपल्या सातपुड्यात पळसाला काय तोटा? पण आज पाड्यावरच्या लग्नातही थर्माकोलची ताटं आणि प्लास्टिकचे ग्लास. ते कुजत नाही. जाळलं तर विषारी धूर लेकरांच्या छातीत जातो. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटांवर बंदी आहे, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. तरी बाजारच्या दिवशी काय दिसतं, ते आपल्यासमोर आहे.

उपाय अवघड नाही. ओला कचरा आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा. ओल्याला खड्डा किंवा नाडेपचा हौद. ही पद्धतही विदर्भातल्याच माणसाची, पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची. लोक त्यांना नाडेपकाका म्हणायचे. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असा भोकं ठेवलेला विटांचा हौद. त्यात काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर द्यायचे, वरून लिंपून ओल टिकवायची. तीन-चार महिन्यांत खत तयार. सुकं प्लास्टिक धुऊन एका गोणीत साठवायचं आणि महिन्याने भंगारवाल्याला किंवा ग्रामपंचायतीच्या गाडीला द्यायचं. लग्नाला पळसाच्या पत्रावळी मागवल्या तर कचरा वाचतो आणि पाड्यावरच्या बायांच्या हाताला चार पैसेही मिळतात.

पूर्णेचं पाणी तापीत येतं

शेवटी एक गोष्ट नकाशात बघा. बाबा ज्या पुलावर गेले त्या पेढी नदीचं पाणी पूर्णेला मिळतं. ज्या पूर्णेच्या काठी त्यांनी घाट झाडला, ती पूर्णा जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. आणि तीच तापी सारंगखेड्यावरून, प्रकाशाच्या संगमावरून पुढे गुजरातेत उकाईला जाते. म्हणजे ऋणमोचनच्या घाटावरून वाहिलेलं पाणी आपल्या दारातून जातं.

वरच्या गावाने नदीत टाकलेलं खालच्या गावाच्या वाट्याला येतं. आपण सारंगखेड्याला टाकलेलं प्रकाशाला पोचतं, प्रकाशाला टाकलेलं उकाईला. बॅरेजच्या दाराशी अडकलेल्या बाटल्यांवर गावाचं नाव नसतं, पण त्या कुणाच्या तरी हातातूनच सुटलेल्या असतात.

यंदा यात्रेला जाताना एक रिकामी गोणी सोबत न्या. आपली बाटली, आपला कप, आपल्या लेकराच्या चॉकलेटचा कागद त्यात टाका आणि घरी आणा. यात्रेतल्या सफाई कामगाराला कमी लेखू नका, तो आपलीच घाण काढतोय. २० डिसेंबरला फोटोला हार घालायचा तर जरूर घाला. फक्त त्याआधी फोटो लावलेल्या चावडीपुढचं आवार आपल्या हाताने झाडा. बाबांचा क्रम तोच होता.